न चाखलेला पाव

तिच्यासकट ऑफिसातल्या आठ जणांनी पैज लावली होती. तीस दिवस फक्त भाज्या, फळं, अंडी, मांस. धान्य, साखर, दूध बंद. हे ऐकताच बाबाही तिच्या जोडीला उतरले. जन्मभर बेकरी चालवलेला माणूस. भट्टीतला पहिला पाव मोडून चाखल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. आता ते नुसता वास घेऊन पाव दुकानात पाठवत.

अठ्ठाविसाव्या दिवशी आई कडाडली, "आज पावात मीठ फार पडलंय. गिऱ्हाइकं बोंबलतायत!"

"बोंबलू देत," बाबा रताळं सोलत म्हणाले. "लेक इतकं काटेकोर पाळतेय आणि बापाने जीभ सैल सोडायची होय?"

ती खाली मान घालून अंडं खात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भट्टीपाशी कोसळले, ते उठलेच नाहीत.

ती कामावर परतली तेव्हा मैत्रिणीने ऑफिसातल्या फळ्यावर जिंकणाऱ्यांत बापलेकीची नावं शेजारी शेजारी लिहिली होती; दोघांचे राहिलेले दोन दिवस सगळ्यांनी माफ केले होते. तिने स्वतःचं नाव पुसलं.

"अगं, हे काय?"

"दहाव्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये केक खाल्ला," ती म्हणाली. "लाजेने बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते, आणि पाव चाखायला तेही मोकळे झाले असते."