बिनकिल्लीची कडी

किल्लीवाल्याने आजवर लोकांची इतकी दारं उघडून दिली होती की त्याला त्याचा थोडा माजच चढला होता. अडीच वर्षांनी बायको पुन्हा बस चालवायला निघाली, तेव्हा तो छाती फुगवून म्हणाला, "जा गं निवांत. गावभरची कुलुपं उघडतो मी, एक पोरगी सांभाळता येणार नाही?"

तरी बायकोचा पाय काही घरातून निघेना. शेवटी तिने अट घातली. सव्वाअकराला तिची बस त्याच्या दुकानासमोरच्याच थांब्यावर यायची. त्या वेळी लेकीला घेऊन दारात उभं राहायचं.

"ती दिसली नाही ना, तर शेवटच्या स्टॉपवर बस दुसऱ्याच्या ताब्यात देईन आणि घरी येईन. पुन्हा नोकरीचं नाव काढणार नाही," ती म्हणाली.

ती एकदा बोलली की बोलली. आणि बसवर तिचा किती जीव होता, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ही अडीच वर्षं ती झोपेतसुद्धा गिअर बदलायची.

लेक पावणेतीन वर्षांची. दिवसभर घरभर गरगरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी. सध्या तिचा सगळा कारभार "नाही" आणि "मीच" या दोन शब्दांवर चालला होता. त्या सकाळी बापाने तिच्या बुटाचा पट्टा लावून दिला, तर तिने दुकान डोक्यावर घेतलं. मग पट्टा सोडला, दोन्ही बूट काढले, मोजेही काढले आणि सगळं पहिल्यापासून स्वतः घातलं. उजवा डाव्यात, डावा उजव्यात. तेवढ्यात किल्लीवाल्याच्या तीन किल्ल्या घासून झाल्या असत्या.

एक मात्र खरं, दुकानदारी तिच्या अंगात होती. गिऱ्हाईक आलं की हातातलं टाकून ती काउंटरपाशी धावायची आणि कमरेवर हात ठेवून विचारायची, "काय मोडलं?" किल्ली हरवून रडकुंडीला आलेली माणसंही हसायची. मग किल्लीवाला त्यांना आपलं ठरलेलं वाक्य ऐकवायचा, "घाबरायचं नाही. होतं असं."

आता त्या कडीबद्दल. दुसऱ्या कुणा बापाने कडी पोरांचा हात पोचणार नाही अशी उंच बसवली असती. या शहाण्याने दुकानाच्या मागच्या खोलीच्या दाराला, आतून, जमिनीपासून हातभर उंचीवर एक छोटी पितळी कडी ठोकली होती. का, तर लेकीने विकायच्या मालाशी खेळू नये, हिच्याशी खेळावं. वर तेलपाणी करून ती लोण्यासारखी मऊ केली होती.

अकराला पाच कमी असताना भिंगरी मागच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि कडी सरकवली. आवाजसुद्धा झाला नाही. किल्लीवाल्याने दार ढकलून पाहिलं, तेव्हा त्याला कळलं.

"भिंगरे, कडी उघड बघू."

"नाही."

"बिस्कीट देतो."

"नाही."

"बाबा आत येऊ?"

"नाही. मीच."

किल्लीवाल्याने सवयीने खिशातून हत्यारांची पिशवी काढली आणि तशीच हातात धरून उभा राहिला. कडीला किल्लीचं भोकच नव्हतं. दार आत उघडणारं, त्यामुळे बिजागऱ्याही आतल्याच बाजूला. खिडकीला जाळी, तीही त्यानेच मारलेली, आणि स्वतःच्या कामात त्याने कधी कसर सोडली नव्हती. खांदा मारून दार पाडावं, तर पोरगी दाराला नाक लावून उभी. तिचा श्वास त्याला फटीतून ऐकू येत होता.

"सोन्या, जरा मागे सरक."

"नाही."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. त्याचा आवाज चढला. आतून हुंदका आला, तेव्हा त्याचं त्यालाच वाईट वाटलं. गावभरची दारं उघडणारा माणूस स्वतःच्या लेकीच्या दारासमोर घामाघूम होऊन बसला होता. त्या क्षणी कुणी गिऱ्हाईक आलं असतं, तर तो त्याच्या गळ्यातच पडला असता.

गिऱ्हाईक!

तो उठला, दुकानाच्या बाहेर गेला, पुन्हा आत आला आणि दारावरची घंटा जोरात वाजवली.

"कुणी आहे का दुकानात?" त्याने आवाज जाड केला. "अहो बाई, माझी फार पंचाईत झालीय!"

आतला हुंदका थांबला.

"काय मोडलं?"

"दार! उघडतच नाही हो."

"किल्ली हरवली?"

"या दाराला किल्लीच नाही. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही बघा."

आत थोडा वेळ विचार चालला. मग पितळ सरकलं. भिंगरी दारात आली, नाकाला शेंबूड, कमरेवर हात. तिने गिऱ्हाइकाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "झालं."

त्याने तिला उचललं आणि तो धावला. बस थांब्याला लागतच होती. पुढचं दार उघडलं. स्टिअरिंगमागे बायको मान वळवून दुकानाच्या दाराकडेच बघत होती. सकाळपासून रडून डोळे सुजलेले. लेक दिसली तसा तिचा चेहरा उजळला.

"आई! बाबाचं दार मोडलं! मी उघडलं!"

चेहरा पुन्हा उतरला. "कुठलं दार?"

थाप मारता आली असती. पण बायकोला थाप मारणं त्याला कधी जमलं नव्हतं. "मागच्या खोलीत आतून कडी लावून घेतली हिने. पंधरा-वीस मिनिटं. चूक माझी, कडी मीच बसवली होती."

बायकोचा हात गिअरवरून सुटला. ती सीटवरून अर्धवट उठली. मागे बसलेल्या आजोबांनी विचारलं, "ताई, निघायचं ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाच्या कडेवरून भिंगरीने ते पाहिलं, एक हात कमरेवर ठेवला आणि रडकुंडीला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "घाबरायचं नाही, आई. होतं असं."

आधी आजोबा हसले. मग सगळी बस हसली. ड्रायव्हरीणबाईंनी बाहीने डोळे पुसले, खाली बसल्या आणि गिअर टाकला.

"उद्या सव्वाअकराला," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि आज ती कडी काढ."

"मीच," भिंगरी म्हणाली.