बयाबाईंची आरोळी मी शिवली

मित्रांनो, मी एक जुना चिमटा हाय. लगेच चुलीवरच्या भाकरीकडं बघू नका! आणि मला कात्री म्हणलासा तर बघा. कात्री कापती. मी धरतो. काळजाला टाके घालायची सुई धरायचा चिमटा हाय मी. ऑपरेशनच्या खोलीत मला निडल होल्डर म्हणत्यात. एक वीत लांब, मुठी सोनेरी, जबडा चिमणीच्या चोचीएवढा.

सोनेरी मुठी नटायला न्हाईत. ज्याच्या जबड्यात पोलादापेक्षा कडक धातूच्या दोन पट्ट्या बसवल्यात, त्यालाच सोनेरी मूठ मिळती. कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, घासलं, आणि शेवटी त्या पट्ट्या बसवल्या. सुई तिथं एकदा अडकली की तिची हालायची बिशाद न्हाय.

कोल्हापुरातल्या ह्या दवाखान्यात येऊन मला बारा वर्षं झाली. माझं काम ऐका. काळजात झडपा असत्यात. त्या रक्त पुढं जाऊ देत्यात, माघारी येऊ देत न्हाईत. एखादी पार खराब झाली की ती काढायची आणि नवी बसवायची. पण बसवायची कशी? डिंक लावून? नव्या झडपेला कापडाची कड असती. एकेक टाका काळजातनं घ्यायचा, त्या कडेतनं काढायचा, गाठ मारायची. तेवढा येळ काळीज बंद, रक्त मशीन फिरवती. आणि ती नखाएवढी वाकडी सुई कोण धरतं? मी!

राजशेखर सर मोठे सर्जन. हात पुढं करून म्हणायचे, "सिस्टर, माझा म्हातारा द्या." आमची सगळी हत्यारं सांभाळणाऱ्या वर्षाराणी सिस्टर मला त्यांच्या तळहातावर टप्पकन ठेवायच्या. 'माझा म्हातारा' ऐकलं की मला लई भारी वाटायचं.

मग एक दिवस माती झाली.

ऑपरेशन संपत आलतं. कापलेलं छातीचं हाड शेवटी पोलादी तारेनं बांधत्यात. तार पिळायला दांडगी पक्कड असती. पण यशराज डॉक्टर नवीन, हात घाईचा. पक्कड ताटात खाली व्हती, मी वर. मला उचललं आणि तार पकडली की! मी ओरडलो, पण चिमट्याचं कोण ऐकतंय? कट्ट! एका बाजूची पट्टी सरकली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, इकडंतिकडं बघितलं, आणि गप ताटात ठेवलं.

धुतल्यावर सिस्टरनी माझी परीक्षा घेतली. सुई जबड्यात धरायची, मूठ दुसऱ्या खाचेपर्यंत आवळायची, आणि बोटानं सुई फिरवून बघायची. फिरली तर चिमटा बाद. सुई गर्रकन फिरली.

"कुणी केलं हे?"

यशराज डॉक्टर खिडकीतनं बाहेर बघत व्हते, जसं काय पंचगंगेला पूर आलाय.

सात महिने मी मोडक्या सामानाच्या खोक्यात पडून व्हतो. एकदा कुणीतरी मला काढलं, मला वाटलं बोलावणं आलं. तर माझ्यानं पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी उचकटली! काळजं शिवलेला मी, आणि चिकटपट्टी! अजून डोकं फिरतं माझं.

त्या खोक्यापाशी एक दिवस पिराजी आले. पिराजी मंगळवार पेठेतले कारागीर. आधी कोल्हापुरी साजाची सोन्याची पानं कोरायचे, आता दवाखान्यांचे चिमटे-कात्र्या नीट करून देत्यात. संगट त्यांच्या बायको, बयाबाई. त्या तपासून घ्यायला आलत्या, पण दारापर्यंत येतानाच दमल्या आणि स्टुलावर बसल्या.

बयाबाई म्हणजे पेठेच्या फुटबॉलची तोफ. तीस वर्षांत एक मॅच चुकवली न्हाय. त्यांची आरोळी उठली की समोरचा गोलकीपर दचकायचा. आता चार शब्द बोलल्या तरी धाप लागत व्हती. झडप चुन्यावानी कडक झालती. नवी बसवली न्हाय तर काळीज वर्षभर बी टिकायचं न्हाय, असं सरांनी सांगितलतं.

"अवं, त्या भंगारात काय हुडकताय? माझ्याकडं बघा की जरा."

"तुझ्याकडं बघूनच म्हातारा झालो," म्हणत पिराजींनी मला उचललं. डोळ्याला भिंग लावलं. आणि खवळले. "सिस्टर, ह्यानं कुणीतरी तार पकडलीया! ह्यो भंगार न्हाय. पट्टी सरकलीया नुसती."

"नीट हुईल?" सिस्टर एकदम पुढं आल्या. "पिराजीमामा, मामींच्या झडपेची मागची बाजू लई खोल हाय, आणि तिथं चुना साठलाय. बाकीचे चिमटे आखूड पडत्यात. नवा मागवलाय, त्याचा पत्ता न्हाय. सर सारखं म्हणत्यात, म्हातारा असता तर बरं झालं असतं."

पिराजींनी मला हळूच खाली ठेवलं. "म्हणजे ह्यो माझ्या बयाच्या काळजात जाणार?" हात बघितले स्वतःचे. "मला जमंल का?"

"जमंल का म्हणं!" बयाबाई धापा टाकत म्हणल्या. "माझा साज तुमीच केलासा न्हवं? एकवीस वर्षांत एक पान हाललं न्हाय. करा गप. आणि न्हाय जमलं तर मी मरतो. सुटलासा!"

"गप गं!" पिराजी म्हणले. पण मला रुमालात गुंडाळून खिशात घातलं.

दोन दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला न्हाय. पट्टी काढली, परत पक्की बसवली. दगडावर घासली, भिंगातनं बघितली, परत घासली. शेवटी काय केलं माहित हाय? स्वतःच्या मिशीचा एक केस उपटला, माझ्या जबड्यात धरला आणि ओढला. केस तुटला. सुटला न्हाय! पिराजी एकटेच हसले.

दवाखान्यात सिस्टरनी सुई धरली, दुसऱ्या खाचेपर्यंत आवळली, आणि राजशेखर सरांच्या देखत मला मुद्दाम यशराज डॉक्टरांच्या पुढं केलं. "फिरवून बघा."

त्यांनी जोर लावला. सुई जागची हालंना. त्यांचं तोंड लाल झालं. "सर," ते म्हणले, "तार मीच पकडलती."

"सात महिने लागले सांगायला?" सर म्हणले. "आता बयाबाईंच्या ऑपरेशनला माझ्यासमोर उभं राहायचं. आणि त्याआधी पक्कड कुठं असते, ते सिस्टरना दाखवायचं."

बयाबाईंचं ऑपरेशन सकाळी नऊला सुरू झालं. काळीज थांबलं. कडक झालेली झडप काढली. मग हात पुढं आला. "सिस्टर, माझा म्हातारा द्या."

पहिले आठ टाके सरळ गेले. नवव्याला सर थांबले. मागची बाजू. मी मुठीपर्यंत खोल गेलो. सुई टोचली आणि चुन्यात टच्च अडकली. सगळा जोर माझ्या जबड्यावर आला. सुई वळायला बघत व्हती. तिथं वळली असती तर बयाबाईंचं काळीज फाटलं असतं. मी म्हणलं, हाल बघू! पिराजीच्या मिशीचा केस सोडला न्हाय मी, तुला सोडतो व्हय?

सुई पलीकडनं बाहेर आली. स्वच्छ!

पंधरा टाके झाले. नवी झडप दोऱ्यांवरनं सरकत खाली गेली आणि जागेवर बसली. गाठी मारल्या. काळजात परत रक्त सोडलं. आधी ते नुसतं थरथरलं. मग एक ठोका. मग दुसरा. मग सुटलंच की! सोनोग्राफीच्या पडद्यावर बघून सर म्हणले, "एक थेंब माघारी येत नाही."

छाती बांधायची येळ आली. यशराज डॉक्टरांचा हात ताटाकडं आला. हात माझ्यावरनं पुढं गेला आणि त्यांनी पक्कड उचलली. सिस्टर हसल्या. मास्कच्या आतनं बी दिसतं ते.

चार महिन्यांनी सिस्टर मला पुसत व्हत्या, तवा पिराजींचा फोन आला. मैदानावरनं. फोनमधनं अशी आरोळी फुटली की शेजारची कात्री ताटात वाजली!

"गोल झाला व्हय मामा?"

"झालाय, पण समोरच्यांनी मारलाय! ही रेफरीला शिव्या द्याय लागलीया! थांबंना झालीया! ऐकलासा का?"

ऐकलं की. त्या आरोळीत पंधरा टाके माझे हाईत!

तर मित्रांनो, एवढंच सांगतो. ज्याचं काम त्यालाच द्या. माझ्यानं तार पिळू नका, चिकटपट्टी तर अजिबात काढू नका. हातनं काय मोडलं तर त्याच दिवशी तोंड उघडा, सात महिने खिडकीतनं बघत बसू नका. आणि कुणाला भंगार म्हणायच्या आधी एकदा भिंग लावून बघा.

बास, जास्त बोलायला येळ न्हाय. आजऱ्याचा एक पेशंट आत आलाय. हात पुढं झालाय.

"सिस्टर, माझा म्हातारा द्या."

आलो!