खेळाडूच्या स्वतःच्या शब्दांत

पावणेपाचचा गजर वाजण्याआधी दोन मिनिटं ऑगस्टीन तुस्कानोचे डोळे उघडत, तसे ते त्या बुधवारीही उघडले. खालच्या केरळी हॉटेलचं शटर अर्ध्यावर अडकलं आणि पुन्हा वर गेलं. त्याने पाय जमिनीला टेकवून गुडघे दोनदा वाकवले, सरळ केले. दुसऱ्यांना दिवसभर जे सांगतो ते बावन्नाव्या वर्षी स्वतःही करावं, एवढाच त्यामागचा हेतू. चहा टाकला. बायकोचा, आयरीनचा कप बशीने झाकून ठेवला. ती नर्स होती आणि तिची शिफ्ट सातची. डब्यात चपात्या, दुधीची भाजी आणि एक केळं भरलं, क्रूसापुढे क्षणभर उभा राहिला आणि सव्वापाचला त्याने मनामाच्या गुदैबिया भागातून गाडी काढली.

बुदैयाच्या हायवेला लागेपर्यंत फटफटत असे. खजुरांच्या बागा, मग नवे बंगले, मग रोपवाटिका, आणि त्यांच्या मागे हिरव्या जाळीने वेढलेलं बेसबॉलचं मैदान. आखातातल्या सहा शहरांच्या व्यावसायिक लीगचा हा दुसरा हंगाम होता आणि ऑगस्टीन बहरीनच्या संघाचा फिजिओथेरपिस्ट होता. त्याने केबिन उघडली, गरम पॅकच्या टाकीचा खटका दाबला, टॉवेल मोजून टेबलाच्या कडेला रचले आणि बारा पिचरांचे बारा कागद क्लिपबोर्डला लावले.

हे कागद म्हणजे त्याच्या कामाचा कणा. चेंडू फेकणाऱ्या प्रत्येकाने रोज सकाळी दुखणं शून्य ते दहा या आकड्यांत सांगायचं. खाली एक चौकट: बधिरपणा आहे की नाही. आणि सर्वांत खाली दोन ओळींची रिकामी जागा, जिच्यावर इंग्रजीत छापलेलं असे, ‘खेळाडूच्या स्वतःच्या शब्दांत’. ऑगस्टीन ती जागा मन लावून भरायचा. डोमिनिकन पोरांचे स्पॅनिश शब्द तो त्यांच्याकडून स्पेलिंगसकट विचारून घेई आणि जसेच्या तसे लिही. दुखण्याचं भाषांतर करू नये, अशी त्याला मुंबईतल्या कॉलेजात मिळालेली शिकवण होती.

एकाच कागदावर तो ती पाळत नव्हता.

सहाला पाच कमी असताना दार ढकलून बाळाजी आत आला. उदगीरचा, पंचवीस वर्षांचा. कॉलेजात भाला फेकायचा. पुण्यातल्या निवड चाचणीत कुणीतरी हातात बेसबॉल दिला आणि वेग मोजणाऱ्या यंत्राकडे बघून गोरा प्रशिक्षक खुर्चीतून उठला. तो बहरीनला निघाला तेव्हा उदगीरच्या चौकात अभिनंदनाचा बॅनर लागला होता, त्यावर छापणाऱ्याने चेंडू मात्र क्रिकेटचा दिला होता. संघातला तो एकुलता एक मराठी. म्हणूनच सगळ्यांच्या आधी अर्धा तास यायचा. त्या अर्ध्या तासात तो ऑगस्टीनला काका म्हणे. बाकीचे आले की सर.

“बस. किती लिहू?”

“दोन लिहा की. रोजच्यासारखं.”

“आणि खरं?”

“खरं ते आपल्यात.” बाळाजी हसला. “मुंग्या यायल्यात, काका. करंगळीत अन् तिच्या शेजारच्या बोटात. आता जातच नाहीत.”

आठ आठवड्यांपूर्वी हा शब्द पहिल्यांदा आला होता. तेव्हा ऑगस्टीनने त्याची थट्टा केली होती: मुंग्या येतात म्हणजे हात गोड झालाय तुझा, आता विकेटी मिळणार. बेसबॉलमध्ये विकेटी नसतात, यावर दोघेही हसले होते. हसता हसताच बाळाजी म्हणाला होता, तेवढं लिहू नका, बाहेर बसवतील. आणि ऑगस्टीनने लिहिलं होतं, ‘किंचित आखडलेपणा’. मराठीत सांगितलेलं ते त्याला तक्रार वाटलंच नव्हतं. घरात पोर आईला सांगतं तसं काहीतरी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या आठवड्यात कोपराच्या आत कळ सुरू झाली तेव्हा खरं लिहायचं म्हणजे मागचं सगळं खोटं होतं असं कबूल करावं लागलं असतं. त्याने गरम पॅक वाढवले.

बाळाजीने जर्सी घालायला घेतली. उजवा हात त्याने मांडीवर ठेवला आणि सगळी बटणं डाव्या हाताने लावली, खालून वर, सराईतपणे.

“कधीपासून?” ऑगस्टीनने विचारलं.

“काय?”

“डाव्या हाताने.”

“सवय लावायलोय,” बाळाजी म्हणाला आणि सराव गाठायला बाहेर पडला.

साडेआठला डॉक्टर इमाद आले. मूळचे मनामाचे, हाडांचे डॉक्टर, स्वतःचं क्लिनिक सांभाळून आठवड्यातून एक सकाळ संघाला देणारे. तीस खेळाडू आणि एक सकाळ, त्यामुळे बाकीचे सहा दिवस ते ऑगस्टीनच्या कागदांवर विसंबत आणि तसं उघडपणे सांगत. फेकीचा वेग उतरला म्हणून सोमवारी काढलेल्या बाळाजीच्या एमआरआयचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. त्यांनी बाळाजीला बोलावून कोपर दाबून पाहिलं, बाजूला ताणून पाहिलं.

“कोपराचा आतला अस्थिबंध फाटलाय, पण अर्धवट,” ते इंग्रजीत म्हणाले. “त्याच्याच रक्तातून बनवलेलं इंजेक्शन देऊ, दहा दिवस विश्रांती, आणि अंतिम सामन्यात दोन डाव टाकू दे. अमेरिकेतल्या संघांची माणसं खास त्याला बघायला येतायत, मॅनेजर माझा जीव खातोय. नस ठीक असेल तरच हं. बधिरपणा?”

“नो, डॉक्टर,” बाळाजी म्हणाला. “झीरो.”

इमादनी कागद चाळले. “आठ आठवडे ‘नाही’. छान. तुमचे कागद आहेत म्हणून मला झोप लागते, ऑगस्टीन. दोन वाजता क्लिनिकमध्ये आणा त्याला, सोबत तुमच्या सहीचा गोषवारा. यल्ला, निघतो.”

ऑगस्टीनने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर गेल्यावर त्याने दाराला आतून कडी लावली.

“बस.”

“काका, सराव…”

“बस म्हणतो ना.”

त्याने क्लिपबोर्डवरचा आजचा कागद काढला, दुमडला आणि बाळाजीच्या उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडेच्या बेचक्यात धरायला दिला. “घट्ट धर. मी ओढतो. सोडायचा नाही.”

बाळाजीने दात आवळले. अंगठ्याचं पेर वाकलं, टोक कागदात रुतवायची धडपड झाली, आणि कागद अलगद निघून आला. दुसऱ्यांदाही आला. डाव्या हाताने मात्र तो असा पकडला की ओढताना फाटला.

ऑगस्टीनने उजवा हात दिव्याखाली उलटा धरला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसाचा उंचवटा जिथे हवा, तिथे खळगा होता. रोज सकाळी हा हात त्याच्या हातात असायचा. कोपराकडे बघत होतो, त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते त्याला पुरेसं वाटलं नाही.

“हे इंजेक्शनने भरणार नाही,” तो म्हणाला. “कोपराच्या आतून जाणारी नस चेपलीय. तू फेकत राहिलास तर बोटं आखडतील, पंजासारखी. मग बटणं सोड, पेन धरता येणार नाही.”

“अन् नाही फेकलो तर?”

ऑगस्टीनने फाटलेला कागद जुळवून टेबलावर ठेवला.

“नाही फेकलो तर बोटं बरी होतील का? ते सांगा.”

“बहुतेक आहे तिथे थांबतील. गेलेलं परत येईल असं मी नाही सांगू शकत.”

“मग काय राहिलं?” बाळाजीचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही लिहिलं तर खलास. लपवलं म्हणून करार तोडतील अन् घरी धाडतील. नाही लिहिलं तर दोन डाव तरी भेटतात. मी दोन डाव कसेबी टाकतो, काका. गोरे बघतील. फुडचं फुडं.”

“पुढे ते तुझा हात तपासतील.”

“तवा तपासतील. आज तर नाही ना.” मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “तुम्हाला आता आठवलं व्हय लिहायचं? आठ आठवडे मी एकटाच होतो का हितं?”

“नाही,” ऑगस्टीन म्हणाला, “दोघं होतो. आणि दोघांतला शिकलेला मी होतो.”

बाळाजी उठला. कडी त्याने डाव्या हाताने काढली.

दुपारी बाराला ऑगस्टीनने डबा उघडला आणि झाकून ठेवला. आयरीनची जेवणाची सुट्टी बाराचीच. त्याने फोन लावला आणि सगळं सांगितलं, खळग्यासकट.

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, “ऑगस्ती, तू मला विचारतोयस की सांगतोयस?”

“सांगतोय.”

“लायसन्स जाईल तुझं.”

“हो.”

“व्हिसा पण.”

“हो.”

फोनमध्ये पलीकडे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत गेली. “मग एक ऐक. जुन्या कागदांना हात लावू नको. पांढरं फासायचं नाही, आकडा गिरवायचा नाही. नवा कागद घे, आजची तारीख आणि वेळ घाल, वर ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिही, आणि का उशीर झाला ते लिही. आमच्या वॉर्डात तसंच करतात.” मग तिने विचारलं, “पोरगा काय म्हणतो?”

“काही नाही म्हणत.”

“म्हणजे शिव्या घालतोय. घालू दे. तू जेवलास?”

“नाही.”

“जेव आधी. उपाशीपोटी अक्षर बिघडतं तुझं.”

तो जेवला. हात धुऊन, पुसून त्याने कोरा कागद घेतला. तारीख, वेळ. उशिरा केलेली नोंद. मग एकाखाली एक आठ आठवडे, जितकं आठवलं तितकं. जिथे आठवलं नाही तिथे ‘आठवत नाही’. कागदाची परीक्षा, डावी आणि उजवी. खळगा. ‘खेळाडूने हे मला पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. मी ते लिहिलं नाही.’ खेळाडूने लिहू नका म्हणून विनवलं होतं, हेही लिहिणं भाग होतं. ते वाक्य त्याने तीन वेळा मनात फिरवलं, आणि मग तसंच, साध्या इंग्रजीत लिहिलं.

तळाच्या दोन ओळींपाशी त्याचं पेन थांबलं. इंग्रजी शब्द त्याला येत होता, पुस्तकातला, अचूक. तो त्याने खाली कंसात ठेवला. वर देवनागरीत लिहिलं: ‘मुंग्या येतात.’

बाळाजीला न्यायला ऑगस्टीन खेळाडूंच्या वसतिगृहाच्या दाराशी गेला तेव्हा तो तयार होऊन उभा होता. कागद ऑगस्टीनच्या हातात होता. बाळाजीने तो बघितला, आपल्या भाषेतली ओळ त्याला लांबूनही वाचता आली असणार. तो गाडीत मागच्या सीटवर बसला. क्लिनिक पंचवीस मिनिटांवर होतं.

इमाद बाहेर आले. आत ट्रेमध्ये निळ्या कापडावर सुई काढून ठेवलेली दिसत होती. त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचायला घेतला, अर्ध्यावर आले आणि खुर्ची ओढून बसले. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे काय लिहिलंय? तुमची लिपी?”

“मुंग्या येतात, असं. मुंग्या म्हणजे ते छोटे, रांगेने जाणारे…”

“नम्ल,” इमाद म्हणाले. “मुंगी म्हणजे नम्ल. आम्ही पण तेच म्हणतो. तन्मील. हाताला मुंग्या लागणं.” ते कागदाकडे बघत राहिले. “माझी आई असती तर तिलाही समजलं असतं. पहिल्याच दिवशी हा एक शब्द मला सांगितला असता, तर मी दुसरं काही विचारलं नसतं.”

“हो, डॉक्टर.”

त्यांनी बाळाजीचा हात हातात घेतला, बेचक्यातल्या खळग्यावरून अंगठा फिरवला, करंगळीच्या टोकावर पेनाचं टोक टेकवून ‘लागतंय?’ असं विचारलं. बाळाजी दुसरीकडे बघत होता. पेन टेकलंय हे त्याला कळलंच नव्हतं.

“फेकणं संपलं,” इमाद हळू म्हणाले. “नस मोकळी करायचं ऑपरेशन करावं लागेल, इथे किंवा याच्या गावाकडे. जे उरलंय ते वाचेल, इंशाल्ला. त्याहून जास्त मी कबूल करत नाही.” मग ऑगस्टीनकडे वळून: “हे मला वर पाठवावं लागेल. संघाकडे, आणि तुमच्या लायसन्सवाल्यांकडे.”

“त्यासाठीच दोन प्रती आणल्यात.”

इमादनी दोन्ही प्रतींवर वेळ घातली, सही केली आणि आत जाऊन ट्रेवरचं कापड दुमडलं.

परतताना बाळाजी पुन्हा मागेच बसला. मैदानाशी उतरला, पिशवी डाव्या खांद्याला लावली आणि जाळीच्या कडेने वसतिगृहाकडे चालू लागला. ऑगस्टीनने हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याचा काका म्हणून मारायची की सर म्हणून, हे न कळून ते तसंच मिटलं. बाळाजीने मागे वळून पाहिलं नाही.

केबिनमध्ये टाकीचं पाणी अजून वाफाळत होतं. ऑगस्टीनने खटका बंद केला, ओले टॉवेल पिळून दोरीवर टाकले, आणि उद्याचे कागद क्लिपबोर्डला लावून किल्ली टेबलावर, उद्या येणाऱ्याला दिसेल अशी ठेवली.