निळ्या थराखाली

“दादा, गाडी जराशी डावीकडे ओढते बघ.”

जयंतचा हा आवाज सात वर्षं पद्माकरच्या कानात मुक्कामाला होता. तक्रारीचा सूर नव्हताच त्यात. चहात साखर कमी पडली तर माणूस जितक्या सहज सांगतो, तितक्या सहज धाकट्याने थोरल्याला सांगितलं होतं. दिल्लीत, सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरच्या पायरीवर बसून, बुटाची नाडी बांधता बांधता. आणि पद्माकरने पेपरातून डोकं वर न काढता उत्तर दिलं होतं, “टायर नवा आहे. बसेल हळूहळू.”

“काका, थोडं सरका ना. थेंब उडाला तर कातडी जळेल तुमची.”

पद्माकरने स्टूल मागे ओढलं. मयूर विहारच्या मार्केटमागे, नाल्याच्या अंगाला इक्बाल मिस्त्रीचं दुकान होतं. दुकानासमोर दोन विटांवर जयंतच्या मोटरसायकलचा सांगाडा आडवा टाकलेला. इंजिन निघालं होतं, चाकं निघाली होती, टाकी निघाली होती. रवंथ करायला बसलेल्या एखाद्या जनावराची नुसती हाडं उरावीत, तसा तो सांगाडा दिसत होता. जयंतची मुलगी देविका हातात रबरी मोजे घालून ब्रशाने त्यावर रंग काढायचा रिमूव्हर फासत होती.

एकोणीस वर्षांची पोर. गेली दोन वर्षं तिचा एकच हट्ट होता, बाबांची गाडी मी चालवणार. पद्माकरने दोन वर्षं नाना परीने टाळलं. “जुनं धूड आहे ते, भंगारात देऊ. तुला नवी स्कूटी घेऊ.” तेव्हा ती म्हणाली होती, “स्कूटीवर माझे बाबा कधी बसले होते?”

शेवटी कागदपत्रांनीच वेळ आणली. गाडी अठ्ठ्याऐंशीची, पंधरा वर्षं भरली, नोंदणी नव्याने करायची. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. ती छाप कागदपत्रांना जोडावी लागते. देविकाने पेन्सिल घासली, तर कागद नुसता काळा झाला. एक आकडा उमटला नाही. कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं, रंग काढा, नंबर दाखवा, मग या.

नंबर होता गाडीच्या मानेवर. हँडलची दांडी जिच्यातून जाते, त्या जाड नळीवर, उजव्या बाजूला.

“काका, मलई आली बघा.”

“मलई नव्हे गं. साय म्हणतात.”

“तेच ते, यार.” ती हसली. “तुम्ही ना, बिल्कुल आईसारखे करता.”

काळ्या रंगाला खरोखरच साय धरली होती. तापल्या दुधावरची साय आक्रसावी तशा सुरकुत्या पडल्या आणि खरवडायची पत्री लावताच सगळा काळेपणा लोळागोळा होऊन खाली आला. हा काळा पद्माकरनेच दिला होता, जयंतच्या वर्षश्राद्धानंतर. गंज चढू नये म्हणून, असं घरात सांगितलं होतं. खरं तर त्याला तो निळा रंग बघवत नव्हता.

आता काळ्याखालून तो निळा वर आला. इतकी वर्षं अंधारात राहूनही टवटवीत, मोरपिसाच्या डोळ्यासारखा.

“अच्छा, हा तो!” देविका उकिडवी बसून बघत राहिली. “तुम्ही दिवाळीला दिला होता ना बाबांना? आई सांगते, बाबा तुमच्या पाया पडले होते भर अंगणात.”

“पडला होता,” पद्माकर म्हणाला.

इक्बाल मिस्त्री आतून आला. साठीचा, दाढीला मेंदी, कानावर पेन्सिल. त्याने निळ्यावर नख ओढून पाहिलं. “बिटिया, ये ब्रश वाला पेंट नहीं है. पाउडर है, भट्टी में पका हुआ. इतनी जल्दी नहीं मानेगा.” मग त्याने मानेवर जाड थर फासून वर प्लास्टिकची पन्नी गुंडाळली. “एक घंटा दम दो. बिरयानी समझो.”

देविका चहा सांगायला गेली. पद्माकर त्या गुंडाळलेल्या मानेकडे बघत बसला. दवाखान्यात गळ्याला पट्टा बांधलेला माणूस बसतो, तशी ती दिसत होती.

शहाण्णवची गोष्ट. दिल्लीला तेव्हा नवं वारं लागलं होतं. जयंत मंत्रालयातली कच्ची नोकरी सोडून पेजरच्या कंपनीत लागला. कमरेला पेजर, गळ्यात टाय आणि बुडाखाली ही जुनी विकत घेतलेली मोटरसायकल. आज नोएडा, उद्या गुडगाव. पद्माकर मात्र चार्टर्ड बसने फायली सांभाळायला जायचा. लग्न केलं नाही. जयंत, भावजय वैजयंती आणि देविका, हाच त्याचा संसार. भाऊ भुर्रकन निघून गेला, की पद्माकर वळणापर्यंत त्या गाडीकडे बघत राहायचा. हेवा म्हणावा, तर तसाही नव्हता. आपल्यालाही एकदा असं जाता यावं, एवढंच.

जयंत आठवड्याच्या ट्रेनिंगला पुण्याला गेला, तेव्हा पद्माकरने पहाटे गाडी काढली. बेचाळिसाव्या वर्षी, कुणाला न सांगता. तीन पहाटा बऱ्या गेल्या. चौथ्या पहाटे गाडी पार्काच्या सिमेंटच्या खांबावर आदळली. त्याला फारसं लागलं नाही, पण गाडीच्या मानेला तडा गेला.

सांगून टाकायचं की नाही? पण घरात थोरल्याचा शब्द शेवटचा असायचा. ‘दादा कधी चुकत नाही,’ हे जयंतच सगळ्यांना सांगायचा. त्या वाक्याची पद्माकरला सवय झाली होती. ऑफिसातल्या एकाच्या मेव्हण्याचा गाझियाबादला कूलरचा कारखाना होता. पद्माकरने टेम्पोत घालून गाडी तिथे नेली, तडा सांधून घेतला आणि कूलरच्या पत्र्यांबरोबर सांगाड्यालाही निळा पावडरचा रंग मारून तो भट्टीत भाजून घेतला. जयंत परतला तो धनत्रयोदशीला. गाडी बघून आधी थक्क झाला, मग वाकला. पाया पडणाऱ्या भावाला काय सांगणार?

पंधरा दिवसांनी जयंत ते डावीकडे ओढण्याचं बोलला. जानेवारीत, निजामुद्दीनच्या पुलावर, डाव्या कडेला बंद पडलेल्या ट्रकवर आदळून गेला.

धुकं होतं. हात लांब केला तर बोटं दिसू नयेत असं. सगळे म्हणाले, धुक्याने नेला. वैजयंती आजही तेच म्हणते.

दोघा भावांची आई दिल्लीला आली तेव्हा जातं गावीच राहिलं, पण ओव्या बरोबर आल्या. पीठ चाळता चाळता म्हणायची:

थोरल्याच्या हाती दिला, धाकल्याचा गं मी हात
बोट सोडू नको बाळा, पुढे काळोखाची वाट

बरं झालं, ती आधीच गेली.

चहा संपेतो तास भरला. मिस्त्रीने पन्नी उलगडली. निळ्याला फोड आले होते. त्याने उजव्या बाजूला पत्री घातली, तारेच्या ब्रशाने घासलं, आणि चार बोटं रुंद उघड्या लोखंडावर एकेक आकडा उजळत आला. देविकाने लगेच कागद लावून पेन्सिल घासली.

“आला! काका, पूर्ण आला!”

“बस, काम हो गया बाबूजी,” मिस्त्री म्हणाला. “बाकी नीला रहने दो. मज़बूत माल है. ऊपर से काला मार देंगे.”

इथे थांबता येत होतं. नंबर उजवीकडे, सांधा डावीकडे. आठवड्याभरात गाडी उभी राहील, काळी, नवी. आणि देविका तिच्यावर बसून पुलावरून कॉलेजला जाईल. उद्या-परवा नाडी बांधता बांधता म्हणेल, काका, गाडी जराशी…

“पूरा उतारो,” पद्माकर म्हणाला.

“बेकार मेहनत है.”

“होने दो. पूरा गला खोलो.”

मिस्त्रीने खांदे उडवले. डाव्या बाजूचा निळा पोपडे पोपडे होऊन पडू लागला. आणि खालून तो निघाला: नळीला अर्धा वेढा घातलेला, जाड, ओबडधोबड सांधा. घाईत शिवलेल्या जखमेसारखा.

देविका पुढे वाकली. “हे काय आहे?”

मिस्त्रीने चष्मा कपाळावरून खाली घेतला, अंगठा फिरवला. “वेल्डिंग है. पाउडर के नीचे है, मतलब उससे पहले का. मगर पक्का है, तिल भर नहीं खुला.” मग त्याने सुताची दोरी काढली, मानेच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या जागेपर्यंत ताणून धरली आणि एक डोळा मिटून बघत राहिला. “हूँ. गर्दन टेढ़ी है. बाएँ को. खींचती होगी गाड़ी.”

“सीधी होईल? मतलब, हो जाएगी?” देविकाने विचारलं.

“काट के दोबारा बिठाऊँगा. धागे जैसी चलेगी.” त्याने दोरी गुंडाळली. “सेकंड हैंड ली थी न? तो जोड़ पहले मालिक का होगा. और टेढ़ी ट्रक में लगने से हुई होगी. होता है.”

देविकाने मान हलवली. मोजे काढले आणि उघड्या बोटांनी त्या सांध्यावरची निळी भुकटी हळूच पुसली. “हो, तसंच असणार. बाबांना तर माहीतही नसेल ना, काका, की ही आधीच तुटलेली होती?”

दार उघडं होतं. मिस्त्रीने न मागता उघडून दिलं होतं, आणि पोर स्वतःच त्यातून काकाला बाहेर काढत होती. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

पद्माकर स्टुलावरून उठला. गुडघे मोडून तिच्याशेजारी जमिनीवर बसला. सांगाड्याचं लोखंड आता ऊन खात होतं, रंग नाही, कवच नाही, अंगावर एक धागा नाही. त्याने सांध्यावर हात ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा.

“तुटलेली नव्हती, देविका. मी तोडली. तो पुण्याला गेला होता तेव्हा. जोडही मीच मारून घेतला, आणि तो दिसू नये म्हणून हा निळा दिला. दिवाळी नुसती नावाला.” ती बघत होती. त्याने नजर खाली घेतली नाही. “आणि ट्रकच्या आधीपासून ही डावीकडे ओढत होती. तुझ्या बाबांनी मला सांगितलं होतं. मला कारण माहीत होतं, आणि मी म्हटलं, टायर नवा आहे.”