दोघांचा कोच

मी एक जुना कोच आहे. जुना म्हणजे किती जुना? तर मित्रांनो, माझ्या पोटात अजून घोड्याचे केस भरलेले आहेत. हल्ली गाद्यांमध्ये काय काय भरतात, ते मला सांगू नका. ऐकून माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात.

माझा आकार जरा वेगळा आहे. वरून पाहिलंत तर मी पाण्यात पोहणाऱ्या सापासारखा दिसतो. पाठ एकच, पण वळत गेलेली. तिच्या एका वळणात एक बैठक, दुसऱ्या वळणात दुसरी. दोघं बसले की एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे, आणि मध्ये कोपर टेकण्यापुरती लाकडी कड. ज्या कारागिराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं, तो रंधा मारता मारता आपल्या बायकोला म्हणाला होता, "रुसायचं असेल तर समोर बघायचं. बोलायचं असेल तर नुसती मान वळवायची. उठायची गरजच नाही!" ती म्हणाली, "म्हणजे तुमचीच सोय!"

पुढे कितीतरी घरं पाहिली. कापड बदललं, पॉलिश गेलं, पुन्हा आलं. शेवटी एका जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडलो होतो, तेव्हा एक नवं जोडपं आलं. दुकानदार म्हणाला, "घ्या, लव्हसीट आहे." नवरा कानापर्यंत लाल झाला. घरी वडीलधाऱ्यांसमोर हा शब्द उच्चारायचा कसा? म्हणून त्याने घरी सांगितलं, "दोघांचा कोच आणलाय." तेच माझं नाव पडलं.

त्या घरातली माझी जागा मी कधी विसरणार नाही. बाहेरच्या खोलीच्या अगदी मधोमध! एका बैठकीसमोर खिडकी, दुसरीसमोर स्वयंपाकघराचं दार. खिडकीची बाजू त्याची, दाराची तिची. कारण गॅसवर दूध असायचं आणि दुधावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिला रस्ता दिसायचा नाही. मग संध्याकाळी चहाचा कप माझ्या कडेवर ठेवून ती विचारायची, "अहो, आज रस्ता काय म्हणतो?"

की हा सुरू! समोरचा शिंपी आज दुकान लवकर बंद करून कुठे निघाला, डॉक्टरीणबाईंची छत्री कशी उलटी झाली, कोपऱ्यावरचा लंगडा कुत्रा कोणाच्या मागे लागला. तो तिखटमीठ लावून सांगायचा, ती दुधावर नजर ठेवून हसायची. भांडण झालं की दोघंही नाकासमोर बघत बसायचे. पण रस्त्यावर काहीतरी गंमत व्हायचीच, आणि ती एकट्याने पचवणं त्याला कधी जमलं नाही.

त्यांचे केस पांढरे झाले, माझं हिरवं कापड करडं झालं. आणि मग एका वर्षी माझी दाराकडची बैठक रिकामी राहिली.

त्यानंतर तो, म्हणजे आता घरातले बाबा, फारसं बोलेनासे झाले. मुलाचं लग्न झालं, सून आली, मग एक बाळ आलं. गोलमटोल, म्हणून सगळे तिला गुंडी म्हणू लागले. पाळण्याला जागा हवी. मुलाने मला ओढून बाजूच्या भिंतीला लावलं. मित्रांनो, सगळे कोच भिंतीला टेकूनच असतात ना? त्याचं काय चुकलं? पण माझं तोंड एकीकडे नाही, दोन्हीकडे आहे! एक बैठक खोलीकडे राहिली आणि दुसरी भिंतीत तोंड खुपसून बसली. तिच्यावर बसायचं तर माणसाने गुडघे कुठे ठेवावे?

ती बाबांची बैठक होती.

उरलेल्या बैठकीवर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर साठू लागला. बाबा येता-जाता माझ्याकडे बघत आणि आपल्या खोलीत जात. मी त्यांची वाट बघायचो. मुलगा बायकोला हळूच म्हणायचा, "त्यांना आईची आठवण येते गं. म्हणून बसत नाहीत."

आणि प्रेमापोटीच एके दिवशी त्याने ठरवलं की मला मधून कापायचं. एकाच्या दोन खुर्च्या. एक बाबांच्या खोलीत, एक पाळण्याशेजारी सुनेसाठी. आठवण पण राहील, जागा पण सुटेल.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच सुतार आला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "एकदम सोपं काम. कलिंगडासारखा कापतो बघा!" खडूने त्याने माझ्या बरोब्बर मधोमध रेघ ओढली. तिचा गारवा मला आजही जाणवतो. इतकी घरं पाहिली, पण अर्धा होऊन जगायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

करवत चालवायला मोकळी जागा हवी म्हणून त्यांनी मला ओढत, वळवत खोलीच्या मधोमध आणलं. पण विजेच्या करवतीची वायर काही पुरेना. "वायर लांबवायला काहीतरी बघतो," म्हणत मुलगा सुताराला घेऊन खाली गेला.

गुंडीला दात येत होते. सकाळपासून तिची किरकिर चालू होती. सुनेचे पाय भरून आले होते. कपड्यांचा डोंगर खाली सारून ती टेकली, गुंडीला खांद्यावर घेतलं आणि सवयीने नजर लावली गॅसवरच्या दुधावर. दाराकडची बैठक! माझ्या स्प्रिंगा ओळखीचं काहीतरी आठवून हलकेच कण्हल्या.

तेवढ्यात बाबा वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले आणि थबकले. मी मधोमध. समोर खिडकी. त्यांची जागा मोकळी.

ते सावकाश आले आणि बसले. थोडे हलके झाले होते, पण डाव्या अंगाला कलून बसायची सवय तीच होती. वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

खाली रस्त्यावर कसला तरी गलका झाला. सून दुधावरची नजर न हलवता म्हणाली, "बाबा, काय झालं हो बाहेर? मला इथून दिसत नाहीये."

बाबांनी मान वळवली. मी श्वास रोखला. म्हणजे कोच जितका रोखू शकतो तितका.

"काही नाही गं," ते म्हणाले. आवाज जरा खरखरीत निघाला. "शिंप्याचा मुलगा... आता तोच दुकान चालवतो ना... सायकलवर पुतळा बांधून नेत होता. कपडे अडकवायचा. पुतळ्याचा हात सुटला आणि गेला त्या जाड्या बाईच्या पिशवीत! ती ओरडतेय, 'हात काढ, हात काढ!' आणि तो म्हणतोय, 'माझे दोन्ही हँडलवर आहेत, काकू!'"

सून खळखळून हसली. गुंडी रडायची थांबून आजोबांच्या तोंडाकडे बघू लागली. आणि बाबा सुटलेच! शिंप्याच्या बापाचे किस्से निघाले, उलट्या छत्रीची गोष्ट निघाली, लंगड्या कुत्र्याची निघाली, सासूबाई रोज संध्याकाळी काय विचारायच्या तेही निघालं. त्या नादात दूध कधी उतू गेलं, कुणाला कळलंच नाही.

दारात मुलगा आणि सुतार उभे. सुताराच्या हातात करवत.

"उठा बाबा, कापायचंय," सुतार म्हणाला.

"जरा थांबा," बाबा म्हणाले. "आमचं बोलणं अर्धं आहे."

मुलगा बघतच राहिला. "बाबा, इतके दिवस तर तुम्ही त्याच्यावर बसला नाहीत!"

"बसू कुठे? भिंतीत?"

"अहो, मग सांगायचं ना!"

"मला वाटलं, तुम्हाला जागा हवी असेल."

सुनेने गुंडीला सावरलं आणि डोळ्यांतल्या पाण्याचा दोष उतू गेलेल्या दुधावर ढकलून ती गॅस बंद करायला पळाली. सुताराने विचारलं, "मग मी करवत परत नेऊ?"

"न्या," मुलगा म्हणाला. "पण आलाच आहात तर याचा हा पाय डगमगतोय, तेवढा ठोकून जा."

पाळणा भिंतीला गेला. मी मध्येच राहिलो. येता-जाता सगळ्यांना माझी ठेच लागते, पण कुणी चकार शब्द काढत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला उन्हात ठेवू नका, कापड विटतं. कड धरून ओढू नका, खालून उचला. पण त्याआधी घरातल्या जुन्या माणसाला विचारा, हिचं तोंड कुठे असायचं? तुम्ही कुठे बसायचात? विचारल्याशिवाय ती माणसं सांगत नाहीत. आम्ही वस्तू तर कधी सांगतच नाही.

ती खडूची रेघ गुंडीने रांगता रांगता, माझा आधार धरून उभं राहता राहता पुसून टाकली. आता ती आईच्या मांडीवर दाराकडे तोंड करून बसते. संध्याकाळ झाली की कडेवर चहाचे कप येतात, आणि आईच्या आधी तीच आपल्या बोबड्या जिभेने विचारते,

"आबा, लस्ता काय म्हंतो?"