मेल्रॉयचा मासा

नळीचं टोक टाकीतल्या खडकावर धरून डॉमिंगोनं तोंडानं जोरात ओढलं आणि खारट पाणी ओठाला लागायच्या आत नळी बादलीत सोडली. पाण्याबरोबर तांबूस, चपटे, तांदळाच्या कणीएवढे किडे उतरू लागले. चाळीस वर्षं मालवणच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करताना त्यानं असंच तोंडानं डिझेल ओढलं होतं. ही विद्या म्हातारपणी काचेच्या टाकीपुढे कामाला येईल, असं कुणी म्हटलं असतं तर त्यानं त्याला वेड्यात काढलं असतं.

टाकी मेल्रॉयची, त्याच्या एकुलत्या मुलाची. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि या पठ्ठ्यानं आणखी एक समुद्र घरात आणून ठेवला, म्हणून बापानं त्याला भरपूर चिडवलं होतं. गेल्या वर्षी तळेऱ्याच्या फाट्यावर मेल्रॉयची मोटरसायकल ट्रकखाली गेली. त्यानंतर टाकीतले मासेही एकेक करून गेले. नारिंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा एक जोकर मासा तेवढा उरला. फिलोमिना, डॉमिंगोची बायको, सकाळी उठली की आधी त्याच्याशी बोलायची, मग नवऱ्याशी.

"पपा, ता किड्यांचा औषध आणून आठ दिस झाले. घालतास कधी?" तिनं विचारलं. मेल्रॉयमुळे लागलेली 'पपा' ही हाक तिनं अजून सोडली नव्हती. "परवा वर्साचा मीस. पावणे येतले, आनी टाकी ही अशी!"

"घालतंय गो. इतक्यात नको."

औषध देताना कुडाळच्या दुकानदारानं, तौकीरनं बजावलं होतं, "काका, आदी जमतीत तितके किडे ओढून काडा. मरताना ते इख सोडतत. सगळे एकदम मेले तर मासो रवाचो नाय." डॉमिंगोनं हे बायकोला सांगितलंच नाही. विषाचं नाव ऐकलं असतं तर ती टाकीपुढून हललीच नसती. तिच्या जिवाला आणखी घोर नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी तो मिसाचं, म्हणजे मेल्रॉयच्या वर्षाच्या प्रार्थनेचं, नक्की करायला पाद्र्याकडे गेला. परत येतो तर फिलोमिना दारातच उभी. हात ओले, आणि चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळलेला.

"येवा, बघा! तुमच्यान आठ दिस झाला नाय, ता मी एका तासात केलंय. अर्धी बाटली ओतलंय. एक किडो जिवंत नाय!"

खडक खरंच लख्ख दिसत होता. मासा तळाशी आडवा पडून धापा टाकत होता.

डॉमिंगोनं अंगातला शर्टही न काढता बादल्यांनी पाणी उपसलं, साठवणीचं नवं पाणी ओतलं, पुन्हा उपसलं. तासाभरात माशाचे कल्ले हलायचे थांबले.

फिलोमिनानं औषधाची अर्धी बाटली हातात घेतली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "पपा, औषधान मेलो? माझ्या हातान?"

डॉमिंगोनं तिच्याकडे पाहिलं. पोटच्या पोराला माती दिलेली बाई ती. हे ओझं तिला पेलणार नाही, हे त्याला लख्ख कळलं.

"नाय गो. औषधाचा काय नाय. सकाळी मी पाण्यात मीठ घातलंय, अंदाज चुकलो. माझ्यान मेलो."

"तुमच्यान?"

"माझ्यान."

मग ती रडली, आणि रडता रडता नवऱ्याला नाही नाही ते बोलली. तेचो येवडो एक उरल्लो, तो पण तुमका सांबाळूक जमलो नाय, म्हणाली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. तिची आसवं थोडी ओसरल्यावर परसात जाऊन त्यानं तौकीरला फोन लावला.

"फिलोमिनान इचारल्यान तर मीठ जास्त पडला म्हणान सांग."

"बरा, काका," तौकीर एवढंच म्हणाला.

मीस यथासांग झाला. चर्चच्या पायऱ्या उतरताना फिलोमिना नेहमी नवऱ्याचा दंड धरायची. तिचे गुडघे दुखायचे. त्या दिवशी तिनं जावेचा, डेल्सीचा हात धरला आणि मागे न बघता निघून गेली. गुडघे डॉमिंगोचेही दुखत होते. तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरला.