उभ्या जागी महाबळेश्वर

पलूसच्या कृष्णात सुभेदारांना गाड्यांतलं सगळं कळतं, असं गावात सगळे म्हणत. ते तसं म्हणत, कारण सुभेदारांनीच ते सांगून ठेवलं होतं. फौजेत असताना त्यांनी लडाखच्या बर्फात ट्रक चालवले होते. पेन्शनीत आल्यावर हौसेनं पांढरी कार घेतली, आणि त्या कारनं त्यांची अब्रू पार घालवायला घेतली.

सकाळी सुभेदार आंघोळ उरकून ऐटीत गाडीत बसायचे, चावी फिरवायचे, आणि गाडी ‘कट्’ म्हणून गप्प व्हायची. मग शेजारचे लालासाहेब दात घासत कुंपणाशी हजर.

“का रं कृष्णात, आजबी बसली व्हय?”

लालासाहेबांचा ट्रॅक्टर आणायचा, त्याच्या बॅटरीच्या वायरी कारला लावायच्या, आणि हे सगळं गल्लीनं बघायचं. सुभेदारांनी बॅटरी बदलली. नवी बॅटरीही आठवडा काढायच्या आत बसली. त्यात भर म्हणून स्टिअरिंगमागं एक तांबडा दिवा लागला. बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढं गोल फुगा, असं चित्र.

“आवं, ह्ये तुमचंच चित्र काढल्यालं दिसतंय,” त्यांची बायको माया त्यांच्या पोटाकडं बघत म्हणाली.

“एअरबॅगचा दिवा हाय त्यो,” सुभेदार करवादले. “म्हंजी धडक बसली तर फुगा उघडंलच ह्याची गॅरंटी न्हाई.”

“मग मी न्हाई बाई फुडं बसायची.”

“मी बसते की,” ओट्यावरून सुभेदारांची आई, मनुबाई, म्हणाली. पण तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी सुभेदार गाडी घेऊन सांगलीला गेले. मार्केट यार्डाच्या मागं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. आत चष्मा लावलेली एक मुलगी चिमट्यानं वायर सोलत होती.

“मिस्त्री कुठायत?”

“मीच. प्रियदर्शनी. बोला काका.”

सुभेदारांनी आपलं निदान आधीच सांगून टाकलं: अल्टरनेटर गेला असणार. प्रियदर्शनीनं ऐकून घेतलं, मीटर लावलं, आणि गाडी बंद करून चहा मागवला. चहा संपल्यावर मीटर बघून ती म्हणाली, “अल्टरनेटर छान आहे. गाडी बंद असताना करंटही कुठं गळत नाही. म्हणजे घरी गाडी उभी असताना कुणीतरी काहीतरी चालवतंय.”

“आमच्या घरात कोण चालवणार?”

“ते तुम्ही सांगा.” मग तिनं पुढच्या डाव्या सीटखाली टॉर्च मारला. “आणि हे बघा. हा पिवळा प्लग ढिला झालाय. एअरबॅगचा आहे. सीटखाली कुणीतरी काहीतरी कडक सामान कोंबतंय आणि परत काढतंय.”

तिनं बॅटरीची वायर सोडली, जरा वेळ जाऊ दिला, प्लग नीट बसवला आणि मशीन लावून तांबडा दिवा घालवला. “ह्या पिवळ्या वायरीला घरी हात लावायचा नाही हं काका,” असंही बजावलं. लडाखमध्ये ट्रक चालवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे जरा जास्तच झालं, असं सुभेदारांना वाटलं.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी बॅटरी बसली, परत ट्रॅक्टरच्या वायरी लावाव्या लागल्या आणि फुगेवाला माणूसही परत आला.

आता सुभेदारांची खात्री पटली. हा लालासाहेबच. ट्रॅक्टरची मिजास दाखवायला मिळावी म्हणून हाच गडी गाडीत काहीतरी करतोय. त्यांनी दुपारी जेवण केलं, “कराडला चाललोय,” असं घरात मोठ्यानं सांगितलं, मोटारसायकल काढली, आणि वळसा घालून घरामागच्या उसात येऊन बसले. उसाचं पान मानेला कापत होतं, मुंग्या पायावर चढत होत्या, पण फौजी माणूस. हलले नाहीत.

उन्हं जरा कलली तशी मागच्या दारानं मनुबाई आली. तिच्या मुठीत गाडीची चावी होती. तिच्यामागं तिची मैत्रीण पारूबाई. दोघींनी जन्मभर शेतात शेजारी-शेजारी बसून भांगलण केलेली, तण काढलेलं. मनुबाई ऐटीत पुढच्या डाव्या सीटवर बसली, पारूबाई स्टिअरिंगपुढं. चावी अर्धी फिरली, काचा खाली आल्या, पंखा भणाणला आणि रेडिओवर गाणं सुरू झालं. इंजिन मात्र बंदच.

सुभेदारांचा जबडा खाली आला.

“पारू, कराड आलं का गं?”

“आलं की. आत्ताच पूल वलांडला.”

“जरा हळू घे. म्होरं साताऱ्याला लय गाड्या असत्यात.”

“पंखा वाढीव. घाट लागंल आता म्हाबळेसरचा.”

मनुबाईनं पंखा वाढवला. मग वाकून सीटखाली हात घातला आणि ओढून-ताणून एक पत्र्याची डबी काढली. मिसरी! तोंडात फोड आली म्हणून डॉक्टरांनी बंद केलेली, आणि सुभेदारांनी स्वतःच्या हातानं घरातली शेवटची डबी उकिरड्यावर फेकलेली.

“तुजा ल्योक न्हेत न्हाई व्हय तुला म्हाबळेसरला?” पारूबाईनं विचारलं.

“न्हेईल की. पर त्याच्या गाडीत मज्जा न्हाई. मागं बसवतो, आन् म्हशीला दावं लावावं तसा पट्टा आवळतो. काय बोलाय गेलं तर म्हंतो, आई गप, इंजनाचा आवाज ऐकू दे.”

“आगं बया.”

“म्हाताऱ्यानं कवा एस्टीत बसवलं न्हाई, आन् ह्यो कवा बोलू देत न्हाई. हितं बरं. तू चालीव, मी बोलते.”

सुभेदार रागानं उठायच्या बेतात होते. पण हे ऐकलं आणि ते परत खाली बसले. आईला आपण शेवटचं काय विचारलं होतं, ते त्यांना आठवेना. औषध घेतलं का, एवढंच बहुतेक. गुपचूप माघारी जावं म्हणून ते मागं सरकले, तेवढ्यात उसाचं बारीक कुसळ नाकात गेलं आणि त्यांनी अख्खा मळा हादरेल अशी शिंक दिली.

पारूबाईनं दचकून हॉर्नच दाबला. बॅटरी मरायला टेकलेली, त्यामुळं हॉर्न बोकडासारखा लांब ओरडला. लालासाहेब पळत कुंपणाशी आले आणि बघतात तर सुभेदार केसांत पाचट घेऊन उसातनं बाहेर येतायत.

“उसात काय करत हुतास रं?” मनुबाईनंच उलट जाब विचारला. “कराडला गेला हुतास न्हवं?”

“आई, ती मिसरी...”

“पारूची हाय.”

“माजी?” पारूबाई म्हणाली.

लालासाहेब एवढे हसले की त्यांना कुंपण धरावं लागलं. मग सुभेदारही हसले. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गाडी परत सांगलीला गेली. “कोण बसत होतं काका?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“आमचे ड्रायव्हर हायत दोघी,” सुभेदार म्हणाले.

प्लग बसला, दिवा गेला, मिसरीच्या डबीची जप्ती झाली. आणि रविवारी सुभेदारांनी दोघींना खऱ्याखुऱ्या महाबळेश्वरला नेलं. मनुबाई पुढं. साताऱ्यापर्यंत ती बोलत होती: कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. सुभेदार “व्हय”, “मग?” म्हणत होते आणि त्यांना गंमत वाटत होती. मेढ्याच्या पुढं घाट लागला आणि मनुबाईचं बोलणं थांबलं. चेहरा हळदीसारखा पिवळा झाला. तीनदा गाडी थांबवावी लागली. वर गेल्यावर तिनं स्ट्रॉबेरी चाखली आणि तोंड वाकडं केलं.

“चिंचंवानी हाय.”

पारूबाई पॉइंटवर पदर सावरत दरीकडं बघत राहिली. “मने, आपल्या घाटात येवडी वळणं नव्हती गं.”

“आपला रस्ता लय चांगला हुता,” मनुबाई लिंबू हुंगत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी प्रियदर्शनीला फोन केला आणि तिच्याकडून बॅटरीचा चार्जर आणला. खिडकीतून वायर ओढून गाडीला लावली. दुपारी दोघी आल्या आणि आपापल्या जागी बसल्या. सुभेदार थोडा वेळ ओट्यावर घुटमळले, मग मागचं दार उघडून आत शिरले.

“आज कुठं?”

“कोल्लापूर,” मनुबाई म्हणाली. “पारू, सांगलीवरनं घे.”

“सांगलीवरनं नगं,” सुभेदार पुढं वाकून म्हणाले. “हळदीच्या गाड्यांत आडकशीला. मावशी, भिलवडीवरनं आष्ट्याला काढा.”

“बरं सांगितलंस,” पारूबाई म्हणाली, आणि तिनं स्टिअरिंग उजवीकडं वळवलं.